बिल नसलेल्या दशम्या

दिगंबर कचेरीतून आला तो बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“वसू, तुझी पिंजौरची सहल बंद होतेय.”

वसुधा मेथी निवडत होती. “सहल नाही हो ती. क्षेत्रभेट. परीक्षेचा पेपर आहे पोरींचा. आणि बंद कोण करतंय?”

“मी,” दिगंबर म्हणाला, आणि खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

लातूरचा हा माणूस डेप्युटेशनवर चंडीगडला आला आणि इथलाच झाला. सेक्टर सतराच्या ज्या कचेरीत शहरातल्या सरकारी कॉलेजांची अंदाजपत्रकं जमतात, तिथं तो बसे. वसुधा बार्शीची. त्यातल्याच एका कॉलेजात एम.ए.च्या मुलींना ती लोकगीतं शिकवी. दर फेब्रुवारीत त्यांना घेऊन पिंजौरजवळच्या एका खेड्यात जाई. तिथं बंतो बेबे, म्हणजे बंतो आजी, होती. लग्नाची, चरख्याची, सासरी निघालेल्या लेकीची गाणी तिच्या गळ्यात अजून ओली होती. पुस्तकातलं गाणं म्हणजे डबीतली हळद. बेबेचं गाणं म्हणजे मातीतून नुकतीच उपटलेली, बोटांना रंग लावणारी.

“तीन वर्षं क्षेत्रभेटीच्या रकान्यात तुमचा खर्च शून्य आहे,” दिगंबर म्हणाला. “जिथं खर्च नाही, तिथं गरज नाही, असं धरतात. रकाना गेला की परवानगी गेली, आणि परवानगी गेली की पेपर गेला.”

“अगंबाई! म्हणजे मी पैसे वाचवले म्हणून?”

“वाचवले नाहीस. मार्चअखेर परत गेले.”

“तेच ते! सरकारचे पैसे म्हणून उधळायचे का? मी आणि आमच्या विभागातल्या आसावरीनं आपापल्या गाड्या काढल्या. जेवण घरून नेलं. ढाब्यावर कशाला खायचं, चांगल्या दशम्या असताना?”

बोलता बोलता ती थांबली. दिगंबर पुन्हा बुटांच्या नाड्यांकडं वळला. दर फेब्रुवारीत पहाटे उठून दुधात पीठ मळणारा, वर्गातल्या सगळ्या पोरींना पुरतील एवढ्या दशम्या लाटणारा, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात भरणारा माणूस तोच होता. वसुधाच्या दशम्या कडक होत.

मैत्रेयी, त्यांची मुलगी, मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, “मतलब पापा ने रोटियाँ बेल-बेल के मम्मा का पेपर बंद करवा दिया?”

“रोटी नाही, दशमी!” दोघं एकदम म्हणाले.

मग वसुधा हसली, पण डोळे भरून आले होते. “बेबे थकलीये हो. या वर्षी पोरी गेल्या नाहीत, तर ती गाणी कुणाच्या कानात ठेवणार?”

दिगंबरनं मेथीची जुडी स्वतःकडे ओढली. “शून्याची नोंद माझी, पण निर्णयाची फाइल मी शेजारच्या टेबलावरच्या अंबरीशकडे दिलीये. बायकोच्या कॉलेजवर मी सही करत नाही. पण नवरा म्हणून सांगतो. यंदाचे पैसे मार्चपर्यंत आहेत. बस भाड्यानं घे. ढाब्यावर जेवा. बेबेला मानधन दे. सगळ्याच्या पावत्या आण आणि पुढच्या वर्षाची मागणी त्यांच्या जोरावर कर.”

“आणि दशम्या?”

“एकही नाही.”

मेथी निवडता निवडता वसुधा गुणगुणली,

*काटकसर केली बाई, कुणा सांगू माझी चूक,*
*उरलं ते माघारी गेलं, लेकींना गं लागे भूक.*

“हे अंबरीशला ऐकवू नकोस,” दिगंबर म्हणाला.

फेब्रुवारीत बस निघाली. रस्त्याकडेला सरसों, आपली मोहरी, पिवळीधमक झालेली. दिगंबर रजा टाकून मागच्या सीटवर बसला होता, आणि ढाब्यावर त्यानं स्वतःचं जेवण वेगळ्या बिलावर घेतलं. पोरींना त्याचं फार हसू आलं.

बेबे खाटेवर बसून गायली. आवाज मध्येच फाटे, पण सूर सुटत नव्हता. मुलींचे फोन आवाज भरून घेत होते. दोघी-तिघी मात्र फोन विसरून नुसत्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. गाणं संपल्यावर वसुधानं पाकीट आणि पावती पुढं केली.

गाण्याचे पैसे म्हणताच बेबेनं हात मागं घेतला. “पैसे? गीत दे? ना धीए, ना.”

वसुधानं विनवलं. आसावरीनं विनवलं. बेबे दुसरीकडेच बघू लागली. गाणारीची पावती नसेल तर बस आणि जेवण म्हणजे नुसती सहलच की.

तेव्हा दिगंबर उठून खाटेजवळ उकिडवा बसला. पंजाबी त्याला मोडकीतोडकीच येई. “बेबे जी, तुसी नहीं लैणा, तो दफ्तर वाले समझेंगे, यहाँ कोई गाता ही नहीं. फिर ये कुड़ियाँ नहीं आएँगी.”

बेबेची मान झटकन वळली. “किहड़ा कहंदा मैं नहीं गाउंदी?”

“कागद कहता है, बेबे जी.”

“लिआ कागद!” बेबे कडाडली. एका मुलीनं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली, ती तिनं सरळ बाजूला सारली आणि पेन मागितलं. ओठ मुडपून एकेक अक्षर कोरत तिनं गुरुमुखीत आपलं नाव लिहिलं, आणि पाकीट न उघडताच उशीखाली सरकवलं.

मग नातसुनेला हाक मारून मक्याच्या रोट्या आणि साग फडक्यात बांधून आणवलं आणि ते गाठोडं दिगंबरच्या मांडीवर ठेवलं. “एहदा वी कागद?” याचीही पावती हवी का, असं तिनं विचारलं.

“नहीं बेबे जी,” तो म्हणाला, आणि कोटाच्या खिशातून एक छोटंसं फडकं काढून तिच्या हातावर ठेवलं. आत दोन दशम्या होत्या.

“एकही नाही म्हणाला होतात!” वसुधा म्हणाली.

“माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं का? दूध आणि गूळ माझ्या पैशाचे आहेत.”

बेबेनं दशमीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. दुसरी तेवढी ओढणीच्या पदराला बांधून ठेवली.

एप्रिलमध्ये अंबरीशच्या सहीनं मंजुरी आली. मागितलं त्याहून कमी, पण रकाना राहिला होता. पेपरही राहिला. वसुधानं लगेच पिंजौरला फोन लावला आणि बेबेला मोठ्यानं सांगितलं, पुढच्या वर्षीही येतोय म्हणून.

“आओ, आओ,” तिकडून आवाज आला. “ते ओह मिट्ठी रोटी वाला भाई?”

वसुधानं फोनवर हात ठेवून आतल्या खोलीकडं बघितलं.

“अहो, तुम्हाला विचारतेय.”