किंचित चढलेला दात

डॉक्टरने दातांच्या छटांची पट्टी कवळीवाल्याच्या बायकोच्या वरच्या ओठापाशी धरली आणि म्हणाला, "ए-टू."

"ए-थ्री," कोपऱ्यातल्या स्टुलावरून तिचा नवरा म्हणाला.

"काका, उजेडात बघा ना."

"उजेडात नऊ वर्षं बघतोय. ए-थ्री."

बायको खुर्चीत आडवी होती, तोंडात कापूस होता, त्यामुळे तिचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरने दुसरी पट्टी लावली, मान तिरकी केली आणि मुकाट्याने कागदावर ए-थ्री लिहिलं. नवऱ्याला बरं वाटलं, पण फार वेळ टिकलं नाही. कारण लगेच डॉक्टर तिच्याकडे वाकून म्हणाला, "छान, काकू. एकदम छान." सकाळपासूनचं हे अकरावं छान. नवरा मोजत होता.

गावभर त्याला कवळीवाले म्हणत. दुकानाच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं तो लोकांचे दात घडवत आला होता. समोरून येणारा माणूस हसला की चेहऱ्याआधी त्याला दात ओळखू येत, आणि त्यातले निम्मे आपलेच म्हणून तो मनातल्या मनात पाठ थोपटून घेई. बायको जिन्यावरून पडली आणि समोरचे वरचे दोन दात गेले, तेव्हा त्याने चार दिवसांत तिच्यासाठी दोन दातांची कवळी केली. असं काम त्याच्या हातून ना आधी झालं ना नंतर. मोत्यासारखे, सरळ, सारखे. मूळचा डावा दात उजव्यावर जरासा चढलेला होता. तेही त्याने जाता जाता सुधारून टाकलं.

"आता बघ," तो म्हणाला होता, "मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभशील."

त्यानंतर ती तोंडावर हात ठेवून हसू लागली. कवळी सैल होत असेल, म्हणून त्याने तार आवळली. सात वेळा आवळली. हात काही खाली आला नाही.

आणि आता हे इम्प्लांट. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरने जबड्याच्या हाडात दोन टायटॅनियमचे स्क्रू बसवले, वर टाके घातले आणि सांगितलं, "आता थांबायचं. हाड हळूहळू त्याला आपलंसं करतं." नवऱ्याला ते वाक्य चांगलंच लागलं. त्याची कवळी नऊ वर्षं त्या तोंडात मुक्कामाला होती, हाडाने तिला साधी ओळखसुद्धा दाखवली नव्हती. आणि कुठला कोण तो खिळा चार महिन्यांत घरचा झाला! एक्स-रे बघताना डॉक्टर खूश, बायको खूश, आणि हा लग्नात मानपान राहून गेलेल्या व्याह्यासारखा दाराशी उभा.

डॉक्टर पस्तिशीचा. बोटं लांब. बायकोला काकू म्हणायचा हे खरं. पण काकूंनी त्याच्याकडे जाताना दर वेळी वेणी नव्याने घातली, हेही तितकंच खरं. या चार महिन्यांत सहा वेळा. कवळीवाल्याची स्मरणशक्ती दातांपुरतीच मर्यादित नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याने हट्टाने मिळवली होती. "स्क्रू तुमचा," तो डॉक्टरला म्हणाला होता, "पण वरचे दात मीच करणार. ते शहरातल्या मशीनवाल्याकडे जाणार नाहीत." निदान जे दिसणार ते तरी आपलं असेल, असा त्याचा हिशोब. मग ती हसेल तेव्हा कोणाचं काम दिसेल? आणि ती कोणासमोर हात खाली घेईल?

दोन दिवसांनी दवाखान्यातून प्लास्टरचा साचा, एक पाकीट आणि कामाचा कागद आला. छटा ए-थ्री. खाली डॉक्टरच्या अक्षरात विशेष सूचना: डावा दात उजव्यावर किंचित चढलेला हवा. पेशंटने फोटो दिला आहे.

त्याने कागद दोनदा वाचला. पाकिटातून फोटो काढून दिव्याखाली धरला. लग्नाआधीची ती, पायऱ्यांवर बसलेली, डोकं मागे टाकून हसते आहे, आणि दात असे उघडे की त्याला भिंगसुद्धा लागलं नाही. फोटोच्या कडेला कोणाचं तरी कोपर.

तो फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेला.

"हे कोपर कोणाचं?"

तिने हातातलं भांडं पुसत पाहिलं. "ताईचं. कोपर काय बघताय, दात बघा."

"बघितले." तो दारातच उभा राहिला. "हे तू डॉक्टरला सांगितलंस. घरात दातांचा कारखाना आहे, आणि सांगितलंस कोणाला, तर परक्या माणसाला."

"त्यांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"दात कसे हवेत ते."

तिने ते भांडं ठेवलं, दुसरं घेतलं. फोटो खिशात घालून तो मागच्या खोलीत गेला.

दात आधी मेणात घडवायचा असतो; बराच वेळ त्या मेणाशी झटापट चालली. हात सव्वीस वर्षं सरळ करण्यात मुरलेला. वाकडं करायला घेतलं की आपोआप सुधारायचा. तिसरा मेणाचा दात त्याने मोडला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली.

"जरा ये इकडे."

ती आली. स्टुलावरची प्लास्टरची भुकटी पदराने झटकून बसली. या खोलीत ती डबा द्यायला किंवा ओरडायला येई, बसली कधी नव्हती. त्याने साचा तिच्यासमोर ठेवला. घसा साफ केला.

"किती चढवू?"

ती वाकली. "अजून थोडा."

त्याने सुरीच्या टोकाने मेण सरकवलं.

"अजून."

"अगं, हे कोणी बघितलं तर म्हणेल, कवळीवाल्याला आता सरळ दात लावता येत नाही. म्हातारा झाला."

"म्हणू देत."

"तुला काय जातंय म्हणायला! माझं नाव जाईल."

"अजून एक केसभर," ती म्हणाली.

त्याने केसभर सरकवलं.

दात बसवायच्या दिवशी डॉक्टरने दोन्ही घट्ट केले, चावून बघायला सांगितलं, आणि हळूच नवऱ्याकडे बघून म्हणाला, "काका, फोटोपेक्षा जरा जास्तच तिरका नाही का झाला?"

"नाही," नवरा म्हणाला. "एवढाच हवाय."

बायकोने आरसा धरला. आधी ओठ मिटूनच बघितलं, मग थोडे उघडून. मग कोणी काही विनोद केला नसताना तिला हसू फुटलं, आणि हात मांडीवरच राहिला.

डॉक्टर बघायला पुढे वाकला. पण तेवढ्यात नवरा स्टुलावरून उठून खुर्चीपाशी आला होता आणि बरोबर मधे उभा होता.

"काका, जरा बाजूला होता का? मला दिसत नाहीये."

"थांबा हो," तो मागे न वळता म्हणाला. "माझं अजून बघून झालेलं नाही."