नकाशातून निसटलेली खुर्ची

या, या. सोफ्यावर बसा, गालिचावर बसा, अगदीच अवघडल्यासारखं होत असेल तर त्या खांबाला टेकून उभे राहा. फक्त माझ्यावर बसू नका. मी खुर्ची बोलतेय. खुर्ची बसण्यासाठीच असते हे मलाही कळतं हो, पण आधी माझी गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानासाठी झाला. दुकान कसलं, दोन गल्ल्या एकमेकींना मिळतात तिथे उरलेली चिमूटभर जागा. पुढे रुंद, मागे निमुळती. कुठलीही शहाणी खुर्ची तिथे मावेना. शेवटी सुतार आला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जागाच वाकडी आहे, तर खुर्चीही तशीच करू." म्हणून माझे पुढचे पाय ऐसपैस आणि मागचे जवळजवळ. दिसायला मी जरा विचित्रच. पण त्या दुकानात अशी बसले की जणू भिंती माझ्या मापाने बांधल्या होत्या.

शिंप्याला सगळे आप्पा म्हणत. छत्तीस वर्षं ते माझ्यावर बसून काज-बटणं करत होते. माझ्या उजव्या हातावर हा पांढुरका डाग दिसतोय ना, तो त्यांच्या खडूचा. पुष्कळांनी पुसून पाहिला, गेला नाही. त्या दुकानात मी एक गोष्ट शिकले. आपला एक खांदा उतरता आहे हे कोणत्याही माणसाला पटत नाही. तो म्हणतो, कोट चुकला. आप्पा वाद घालत नसत. उतरत्या खांद्याला आतून थोडं भरायचे, आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश.

मग आप्पांना सुईत दोरा ओवता येईना. दुकान बंद झालं. त्याआधीच आप्पांची बायको गेली होती. मुलगा म्हणाला, "आप्पा, एकटे काय राहता? आम्ही नवा फ्लॅट घेतलाय, तिकडेच या."

"येतो. पण ही पण येईल," आप्पा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

"आणा की! एका खुर्चीला अशी कितीशी जागा लागते?"

हे वाक्य लक्षात ठेवा. आप्पांनी जुन्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली आणि आम्ही दोघं इथे आलो.

आता जरा या बैठकीच्या खोलीचे कोपरे मोजा. पाच भरतील. त्यातले दोन कुणाशीच जमवून न घेणारे. खांब भिंतीपासून हातभर सुटून मध्येच उभा, लग्नात कोणाकडून आलाय ते कुणालाच ठाऊक नसलेल्या पाहुण्यासारखा. बाल्कनीचं दार तिरकं. बिल्डर म्हणाला होता म्हणे, "मोकळा आकार आहे साहेब, सगळ्यांकडे नसतो." खरंच नसतो. बाकीचे लोक नशीबवान.

पहिला महिनाभर दर रविवारी ढकलाढकली चाले. टीव्ही इकडे ठेवला तर त्यात खिडकी दिसे, तिकडे ठेवला तर खांब आडवा येई. कपाट सरकवलं की दार अर्धंच उघडे. वरच्या मजल्यावरचे काका अर्धा कप चहाला आले आणि पाऊण तास सल्ला देऊन गेले. त्यांच्याकडेही हीच खोली. तिथे तुम्ही काय केलंत, असं विचारल्यावर म्हणाले, "आम्ही आतल्या खोलीतच बसतो."

शेवटी सूनबाईने पदर खोचला. ती एका कॉलेजात वेळापत्रक लावते. नव्वद मास्तर अठरा वर्गांत एकमेकांवर न आदळता फिरवणारी बाई, तिला एका खोलीचं काय मोठं? "आता कुणी काही हलवायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "आधी सगळं कागदावर बसवू."

चौकटीचा कागद आला. बिल्डरच्या जाहिरातीतला नकाशा बघून त्यावर खोली काढली. रंगीत कागदांचे तुकडे कापले. सोफा निळा, टीव्हीचं टेबल काळं, पुस्तकांचं कपाट हिरवं, मी पिवळी, नखाएवढी. दुपारभर दोघं ते तुकडे सरकवत होते आणि एकमेकांना "अरे, असं नाही" आणि "अगं, तसं नाही" म्हणत होते. मी भिंतीशी उभी राहून बघत होते.

तेवढ्यात मुलाने चहाचा कप ठेवला, तो नेमका माझ्या पिवळ्या तुकड्यावर. कपाचं बूड ओलं होतं. चहा संपला, कप उचलला आणि त्याच्या बुडाला चिकटून मीही उठले. स्वयंपाकघरात गेले, बेसिनमध्ये भिजले आणि चोथ्याबरोबर वाहून गेले. मी इथे जीव तोडून करकरले. मुलगा म्हणाला, "या खुर्चीला जरा तेल द्यायला हवं."

पाचच मिनिटांत सूनबाई टाळी वाजवून ओरडली, "बसलं! अरे, सगळं बसलं!"

बसणारच. एक नग कमी होता ना!

त्या नकाशाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. कोपऱ्यात बसणारा, काटकोनात वळलेला मोठा सोफा मुद्दाम सांगून करायला टाकला. बाकीचं सामान नकाशाबरहुकूम लागलं, आणि सगळं लागल्यावर मी उरले.

"अरेच्चा, आप्पांची खुर्ची," मुलगा म्हणाला. "ठेवू कुठेतरी."

मी दारामागे गेले. कुणी आलं की दार आप्पांच्या गुडघ्यावर आदळे. मग खांबापाशी, तिथे त्यांची सगळ्यांकडे पाठ. मग बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरींखाली. बाहेर जगात खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात म्हणे. इथे माझेच पाय ओढले जात होते. शेवटी मला मुख्य दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी ठेवलं. सूनबाई म्हणाली, "बूट घालायला बरी पडेल." दुष्टपणा नव्हता हो त्यात. ती खरंच घाईत होती, आणि नकाशात मी नव्हतेच.

दर वेळी आप्पा माझ्यामागून येत आणि म्हणत, "बरंय की. इथे वारा छान लागतो." दारामागेही त्यांना वारा लागला होता. असा माणूस! मला कधीकधी त्यांचाच राग येई.

एका दुपारी दोघंही कामावर गेले होते. आप्पा माझ्यावर बसले आणि त्यांनी फोन लावला. "वहिनी, खोली जरा झाडून ठेवाल का? रविवारी येतो. नाही नाही, भांडण कसलं. दोघं फार चांगले आहेत हो. जागा नाही, एवढंच." फोन ठेवून ते कितीतरी वेळ माझ्या हातावरचा खडूचा डाग अंगठ्याने चोळत बसले. मला रडू आलं. पण लाकडाचं रडणं कोणाला दिसतं? फार तर फार म्हणतील, ओल आली.

शनिवारी सोफा आला. चौघांनी तो आत आणला आणि कोपऱ्यात ढकलला. सोफा काटकोनात होता. कोपरा नव्हता. मागे भलीमोठी तिकोनी फट राहिली. पहिल्या दहा मिनिटांतच तिने टीव्हीचा रिमोट गिळला.

"तू मापं घ्यायला नकोत?" मुलगा म्हणाला.

"जाहिरातीतला नकाशा तू आणलास!"

"वेळापत्रक लावणारी तू!"

दार उघडंच होतं. बाहेर माझ्यावर बसलेले आप्पा हळूच उठले. "मी बघू का जरा?" त्यांनी खिशातून टेप काढली. छत्तीस वर्षांची सवय, ती खिशातच असते. "अंगाचं माप न घेताच कोट शिवलात होय रे? आणा, रद्दी आणा."

शिंपी नखाएवढा नमुना करत नाही, अंगाएवढा करतो. आप्पांनी वर्तमानपत्रं चिकटवून सोफ्याएवढा सोफा कापला, कपाटाएवढं कपाट कापलं. मग म्हणाले, "सामान थांबू दे. आधी माणसं बसवा. सूनबाई, कामावरून आलीस की तू कुठे बसतेस?"

"खाली. इथे, भिंतीला टेकून."

"सोफा सोडून?"

"जुना सोफा होता तेव्हाही त्यावर घडी करायचे कपडेच असायचे, आप्पा."

"आणि तू रे?"

"मी खिडकीशी. चार्जर तिथे आहे."

"मग सोफा कोणासाठी?"

"पाहुण्यांसाठी."

"कोण कोण येतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "वरचे काका," मुलगा म्हणाला.

आप्पा पोट धरून हसले. सोफा आतून दोन तुकड्यांचा निघाला. ते सोडवून एक खिडकीशी ठेवला, एक भिंतीशी. खांबाच्या आड कपाट गेलं. संध्याकाळपर्यंत जमिनीवर वर्तमानपत्रांचं घर उभं राहिलं आणि या पाच कोपऱ्यांच्या खोलीत चालताना पहिल्यांदाच कुणाच्या पायाला काही लागलं नाही.

सूनबाई सवयीने मोजू लागली. सोफा, टेबल, कपाट... "आप्पा, तुमच्या खुर्चीचा कागद?"

आप्पा टेप गुंडाळत होते. "तिला कशाला कागद? ती उद्या जाईल माझ्याबरोबर."

"कुठे?" मुलाने विचारलं.

"घरी."

मुलाने त्यांच्या हातातली टेप धरली. "आप्पा, मग हे काय आहे?"

"हे तुमचं. बघ ना, किती छान बसलंय आता."

सूनबाई तडक उठली. बाहेर आली, मला दोन्ही हातांनी ओढत आत घेऊन गेली, वर्तमानपत्रावर उभं केलं आणि खडूने माझ्या पायांभोवती रेघ मारून कागद कापायला बसली. काय ते कापणं! उंदराने कुरतडल्यासारखं.

आप्पांना बघवेना. "अगं, कात्री अशी धरतात का? फाटतोय तो."

"मग तुम्ही कापा." तिने कात्री त्यांच्यापुढे धरली. "मला नाही येत, आप्पा. नव्वद मास्तर बसवते मी. घरातला एक माणूस नाही बसवता आला."

आप्पांनी कात्री घेतली. रेघ कुठेही सोडली नाही. पुढे रुंद, मागे निमुळता असा कागद झाला. सूनबाईने तो उचलला आणि या कोपऱ्यात आणून टाकला, जिथे कुंडीसुद्धा उभी राहायला तयार नव्हती. इकडे सरकव नाही, तिकडे सरकव नाही. कागद जागच्या जागी बसला.

मग आप्पांनी पुन्हा फोन लावला. "वहिनी, खोली झाडू नका. झाडलीत? बरं, असू द्या."

तेव्हापासून मी इथेच आहे. आल्यागेल्याला मुलगा सांगतो, "हा कोपरा आम्ही खास डिझाइन केला." वरचे काका म्हणतात, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." परवा त्यांनी विचारलं, अशी खुर्ची कुठे मिळते? मी करकरले नाही. मोठ्या मनाने सोडून दिलं.

तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्याही घरात कधीतरी सगळं नीट बसेल आणि तुम्ही टाळी वाजवाल. टाळी वाजवण्याआधी कपाच्या बुडाला काय चिकटलंय ते बघत जा.

आणि हो, मघापासून माझ्या हातावर टेकला आहात, ते कळतं मला. चला, उठा आता. जिन्यात आप्पांच्या चपला वाजतायत.