पहारा घ्यायला कोणी आलं नाही

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझं नावही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. वहीपेक्षा लहान, राखाडी रंगाची डबी, पुढच्या अंगाला लाल दिव्यांची ओळ आणि मागे टेलिफोनची तार घालायला एक भोक, एवढाच माझा अवतार. टेलिफोनच्या तारेवरून एका गावच्या कॉम्प्युटरला दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरशी बोलतं करायचं, हे माझं काम होतं. आज मी मुंबईतल्या एका मोठ्या बातमी कंपनीच्या दारात काचेच्या पेटीत बसलो आहे. काच रोज पुसली जाते, पण मला तारेला कोणी जोडत नाही. माझ्याखाली पितळी पाटी आहे: 'जालना जिल्ह्याची पहिली ऑनलाइन बातमी या यंत्रातून गेली.' पाटीवर लिहिलंय ते खरं आहे. जे लिहिलेलं नाही, ते मी तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. चाचणीच्या टेबलावर एका बाईने मला एकदा ओरडायला लावलं, समाधानाने मान डोलावली आणि खोक्यात घातलं. त्यानंतर उजेड पाहिला तो १९९८ साली, जालन्यात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर सायकल दुकानाच्या माडीवरच्या एका खोलीत. मला तिथे आणलं धर्मराज सरांनी.

सर मूळचे कुंभार पिंपळगावचे. एक्क्याऐंशी सालापासून ते गावचे वार्ताहर. त्या काळी बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. औरंगाबादच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते पाकीट उतरवून घेई. कधी पाकीट सीटखाली राहून जाई आणि दोन दिवस फिरून पुन्हा पिंपळगावात येई. गावातले लोक चावडीवर विचारत, "काय धर्मा, बातमी हिंडून आली म्हनं! तिचं तिकीट काढल्तं का न्हाई?" सर हसत, पण आतून जळत. आपल्या जिल्ह्याचं सुखदुःख कुणाच्या सीटखाली पडून राहू नये, ही त्यांची तळमळ होती. मित्रांनो, ती तळमळ खरी होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल कडू बोलणार आहे.

इंटरनेट येताच सरांनी जिल्ह्याचं बातमीपान सुरू केलं. सोबतीला एकच माणूस, नंदाबाई. हसनाबादच्या तातेराव विणेकऱ्यांची ही मुलगी. बी. ए. झालेली, हात चालू लागले की कीबोर्डच्या कळांचा नुसता टाळ वाजे. सर बातमी आणत, नंदाबाई ती लिहून, जुळवून कॉम्प्युटरवर चढवत, आणि मी ती जगात नेऊन पोचवत असे.

जोडणी होताना मी आधी शिट्टी घालतो, मग किंचाळतो, मग खरखरतो. हसनाबादचे कडूबा, नंदाबाईंच्या शेजारचे, मोंढ्यात माल घालून एकदा माडीवर आले, तर माझा आवाज ऐकून दारातच थबकले.

"नंदे, मांजर दाबलं की काय कुनी?"

"बसा कडूबाकाका. मोडेम आहे तो. सूर लावून राह्यलाय."

"ह्यो सूर? मंग आपला मृदंग बरा. त्याला कणीक लावली की गप बसतो तरी."

मला राग आला नाही. कीर्तन रंगायच्या आधी मृदंग जुळवतात, तसंच माझं होतं. सूर एकदा जुळला की बातमी वाहू लागे, आणि मला वाटे, आपल्या हातून काही पुण्य होतंय.

तसं होतही होतं. आष्टीच्या कमरुन्निसाबी एकदा जिना चढून आल्या. त्यांचे यजमान महेमूदभाई जेद्दाला कामाला. तिथे एका दुकानात ते आमचं पान वाचत. बुरखा मागे सारून त्या सरांना म्हणाल्या, "भाईजान, आष्टी के बाजार का एक फोटू डालो ना. इनों बोल रे, सब का गाव दिखता, हमाराच नै दिखता." सर स्वतः आष्टीला जाऊन फोटो काढून आले. तो एक फोटो न्यायला मला अर्धी दुपार लागली. आठवड्याने जेद्दाहून उत्तर आलं: फोटोत शेळीचा कान धरून उभा आहे तो माझा भाऊ, त्याला म्हणावं शेळी विकू नको. नंदाबाई हसून हसून टेबलावर पडल्या. असे आमचे दिवस होते, मित्रांनो.

माझं एक वैगुण्य मात्र होतं. खोलीत टेलिफोनची एकच लाइन. ती माझ्या ताब्यात असली की बाहेरच्या माणसाचा फोन लागत नसे, नुसता 'एंगेज'चा आवाज येई. आणि लाइन एकदा तुटली की पुन्हा मिळायला कधी तास जाई. म्हणून मोठ्या बातमीच्या दिवशी एकदा जोडलेली लाइन तोडायची नाही, असं ठरलं होतं.

त्या वर्षी सर हसनाबादच्या सप्ताहाला जाऊन आले. येताना त्यांचे डोळे चमकत होते.

"नंदाताई, काल तुमच्या तात्यांना बघितलं. या वयात विणा गळ्यात घेऊन उभे म्हणजे उभे! सात दिवस ती खाली ठेवतच नाहीत?"

"न्हाई सर. पुढचा पहारेकरी येतो, हे दोघं एकमेकांच्या पाया पडतात, अन् मंग ह्याच्या गळ्यातली विणा त्याच्या गळ्यात. जमिनीला टेकवायची न्हाई."

"वा! मग ही आपली विणा." सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आजपासून लाइनवर जो बसेल त्याचा पहारा. दुसरा आल्याशिवाय उठायचं नाही."

नंदाबाईंना त्या वेळी भारी आनंद झाला. ज्या गोष्टीत जन्म गेला ती आपल्या कामात आली, याचा आनंद. त्या रोज सकाळी खुर्चीत बसण्याआधी मला हात लावून तो कपाळाला लावू लागल्या. लाजलो मी. विणा देवापुढे उभी असते, मी तर बातम्यांच्या रांगेत. पण माझं कोण ऐकतंय!

मग निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस आला. मुंबई, पुणे, आखातातला जालनेकर आमच्या पानाकडे डोळे लावून होता. सकाळी नंदाबाई आल्या त्या उतरल्या चेहऱ्याने.

"सर, तात्याची तब्येत बिलकुल बरी न्हाई. रात्री निरोप आल्ता. मी जाऊन येऊ का?"

"आजच?" सर चपला घालता घालता थांबले. "आज विणा कुणाच्या गळ्यात देता? असं करा, दुपारी बाराला मी येतो. पहारा मी घेतो, तुम्ही जीपने हसनाबाद गाठा. बराबर बाराला."

"बराबर ना सर?"

"शब्द आहे माझा."

नंदाबाई बसल्या. मी जोडला गेलो. मोजणीच्या जागेहून ओळखीचा रिक्षावाला दर फेरीचे आकडे आणून देई, त्या ते चढवत. बारा वाजले. सर आले नाहीत. एक वाजला. नंदाबाई खिडकीशी जात, रस्ता बघत, परत येऊन बसत. एकदा त्यांचा हात माझ्या तारेपर्यंत आला. बोटं तिथेच थांबली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पुढची फेरी चढवली.

सर कुठे होते? मोजणीच्या फाटकाशी. शहरातून टीव्हीवाले आले होते, आणि खेड्यातला हा माणूस जगभर बातम्या कसा पोचवतो हे त्यांना सरांच्याच तोंडून हवं होतं. एकदा बोलून झालं, मग उजेड बरा नव्हता म्हणून पुन्हा, मग पिंपळगावच्या पाकिटाची गोष्ट हवी म्हणून पुन्हा. हे सगळं मला पुढे सरांच्याच बोलण्यातून कळलं. ते हे अभिमानाने सांगतात.

चारच्या सुमाराला जिना धाडधाड वाजला. कडूबा आले. अंगावर जीपची धूळ, डोक्याला रुमाल नाही.

"नंदे, तुझा फोन का लागून न्हाई राह्यला? सकाळधरनं बूथवर हुभा राहून लावून राह्यलो. घडी घडी एंगेज, घडी घडी एंगेज!"

"लाइन चालू होती काका." त्या उठल्या. "तात्या?"

कडूबांनी मान खाली घातली.

"दुपारीच गेले. दोनदा तुला इच्यारलं. मी म्हनलं, फोन लागंना, जीप बघतो, घेऊन येतो तिला. तर मला म्हनले, राहू दे कडूबा. तिचा पहारा चालू असंल. पुढचा आला की येईल ती."

नंदाबाई रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या आणि आपल्या हाताने माझी तार उपटली. माझे दिवे विझले.

तार टेलिफोनला लावतात न लावतात तोच घंटी वाजली. फोन सरांचा.

"लागला एकदाचा! नंदाताई, दुपारपासून फोन करतोय, एंगेज लागतोय. सांगायचं होतं की मला यायला थोडा उशीर होईल."

"झाला सर," असं म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला.

मित्रांनो, लाइन धरून ठेवणं हा माझा स्वभाव आहे. यंत्राला सोडता येत नाही. सोडायचं कधी, हे माणसाने ठरवायचं असतं, आणि त्या दिवशी ते ज्यांनी ठरवायचं ते कॅमेऱ्यापुढे उभे होते.

पुढची कहाणी चढत्या पायऱ्यांची आहे. त्या दिवसाच्या बातम्यांसाठी सरांचा पुण्यात सत्कार झाला, शाल मिळाली. मुंबईच्या कंपनीने आमचं पान विकत घेतलं आणि सरांना आपल्या साऱ्या ऑनलाइन बातम्यांचे प्रमुख नेमलं. सरांनी मला खोक्यात घालून सोबत नेलं. तिथे लाइन वेगळी होती, माझी गरज नव्हती, म्हणून मी पेटीत गेलो. थोड्याच दिवसांत त्यातली आष्टी, हसनाबाद, पिंपळगाव ही गावांची पानं बंद झाली. 'तिकडे वाचक नाहीत' असं बैठकीत ठरलं, आणि ठरवणारे आमचे सरच होते. जेद्दाहून एक ओळ आली होती, 'हमारा गाव किधर गया?' तिला उत्तर गेलं नाही.

नंदाबाई जालन्याची खोली सोडून भोकरदनला टायपिंगचा वर्ग चालवू लागल्या. त्यांचं नाव सर घेत नसत. गोष्ट मात्र सांगत. नव्या मुलामुलींना माझ्या पेटीपुढे उभं करून म्हणत, "आमच्या एका सहकारी बाईंचे वडील गेले, तरी त्या लाइनवरून उठल्या नाहीत. याला म्हणतात निष्ठा!" टाळ्या पडत. काचेआड मला त्या टाळ्या ऐकू येत, आणि त्यात टाळमृदंगाचा गोडवा तीळभर नसे.

पानाला आठ वर्षं झाली तेव्हा कार्यक्रमाला नंदाबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या. साध्या सुती साडीत, कपाळाला बुक्का. सरांनी लगबगीने त्यांना माझ्यापाशी आणलं.

"बघा नंदाताई, आपली विणा! किती जपून ठेवलीय."

नंदाबाईंनी मला पाहिलं, पण हात जोडले नाहीत.

"सर, तुम्ही ती गोष्ट सांगता असं ऐकलं."

"सांगतो तर! तुमच्याइतकी निष्ठा मी पाहिली नाही."

"मंग पुरी सांगत चला. विणा खाली ठेवत न्हाईत, कारण पुढचा येळेच्या आधी आंघोळ करून हजर असतो. उभं राहणाऱ्याचा सगळा जीव त्याच्यावर असतो. माझा तुमच्यावर होता. तुम्ही आलाच न्हाई, सर."

सर चष्मा काढून पुसू लागले. मला वाटलं, आता हा माणूस पाघळेल. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, दीप लावायचा होता. सर गेले. नंदाबाई कार्यक्रमाला थांबल्या नाहीत.

त्या दिवशी सरांनी व्यासपीठावरून गोष्ट पुन्हा सांगितली. एवढाच फरक की 'वडील' म्हणायच्या ऐवजी ते 'जवळचे नातेवाईक' म्हणाले.

तेव्हापासून ते तशीच सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात की आम्हाला टाकू नका, आमची धूळ झटका. मी तसं काही मागत नाही. मी डबी आहे, माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या शब्दावर विसंबून जर कुणी उभं असेल, दुकानात, दवाखान्यात, शेताच्या मोटारीवर, आजाऱ्याच्या उशाशी, तर हातातलं कौतुक तिथेच टाका आणि निघा. पोचल्यावर त्याला निष्ठावान म्हणू नका. त्याच्या खांद्यावरचं ओझं आपल्या खांद्यावर घ्या आणि त्याला म्हणा, तू जा, घरी वाट बघतायत.