कुवेतहून आलेला फिरता ब्रश

इंदूबाईंना आयुष्यात स्वतःचं असं काही मिरवायला मिळालं नव्हतं. नवरा मनोहरराव गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात विक्रीला उभे राहत. माणूस सज्जन, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी येईस्तोवर त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. घर दोन खोल्यांचं, महाल भागातल्या गल्लीतलं. मिरवण्यासारखी एकच गोष्ट त्या घरात होती, ती म्हणजे लेकीचे केस. गोपिका एकोणीस वर्षांची. वेणी सोडली की केस गुडघ्याच्या खाली चार बोटं जायचे, आणि जाड असे की एका मुठीत मावायचे नाहीत.

रिठे, शिकेकाई, नागरमोथा सगळं इंदूबाई स्वतः कुटून चाळून ठेवत. रविवार म्हणजे केसांचा वार. सकाळी न्हाणं, मग उन्हात पाट मांडून बसणं, मग तेल, मग वेणी. दिवस मावळायला यायचा. गल्लीतल्या बाया येता-जाता म्हणायच्या, "काय नशीब काढलं वं इंदूबाई तुमच्या पोरीनं!" आणि इंदूबाईंचा चेहरा उजळायचा.

महिला मंडळ दर डिसेंबरात लांब केसांची स्पर्धा ठेवायचं. एक्याऐंशी आणि ब्याऐंशी या दोन्ही साली गोपिकेचा पहिला नंबर आला होता. मंडळाच्या अध्यक्षा जिजाबाई यांनी जाहीर केलं होतं की जी मुलगी तीन वर्षं लागोपाठ जिंकेल, तिला मोठी ढाल कायमची मिळेल. त्र्याऐंशीचा डिसेंबर उजाडला तेव्हापासून इंदूबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि नेमकी स्पर्धेच्या रविवारी हवा फिरली. भर थंडीत आभाळ भरून आलं, पहाटेपासून झिमझिम लागली. केस तर न्हाऊन झाले होते. नऊ वाजता धुतलेले केस एक वाजला तरी पाठीवर ओलेचिंब. इंदूबाईंनी शेगडी पेटवून धूप द्यायचा प्रयत्न केला, पण दमट कोळशांचा नुसता धूर झाला आणि गोपिका खोकून बेजार झाली. स्पर्धा चार वाजता होती.

"ओले केस घेऊन उभी राहिली तं चपटे दिसतीन," इंदूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "साऱ्या वर्षाची मेहनत पाण्यात!"

"राहू दे नं आई. एखाद्या वर्षी नाही गेलं तं काय होते?"

"काय होते म्हणते! लोकं वाट पाहून राहिले अन् तुले काही वाटतच नाही."

हे बोलणं भिंतीपलीकडे कांताबाईंना ऐकू गेलं. कांताबाईंचा भाऊ कुवेतला होता आणि दिवाळीत येताना त्यानं बहिणीसाठी एक यंत्र आणलं होतं. जाड मुठीचा ब्रश, आतून गरम हवा येणारा, आणि बटण दाबलं की दातांसकट गरगर फिरणारा. कांताबाईंचे केस खांद्याएवढे. त्या यंत्रानं ते दहा मिनिटांत वाळायचे आणि टोकाला असा बाक यायचा की गल्लीतल्या पोरी वळून बघायच्या.

कांताबाई ब्रश घेऊन आल्या. त्याच्या तारेला असलेली पिन आपल्याकडच्या बोर्डात बसत नव्हती, म्हणून भावानं ती कापून तारेची दोन टोकं उघडी ठेवली होती. ती टोकं कांताबाईंनी काड्यापेटीच्या काड्यांनी भोकांत घट्ट बसवली.

"ऐका," त्या म्हणाल्या, "फायदा हा का केस लवकर वाळते अन् फुगूनबी येते. पण याचे नखरे आहेत. आधी टॉवेलानं चांगलं टिपायचं. बारकी बट घ्यायची, अन् टोकाकडून. एकदम मुळापाशी न्यायचं नाही. अन् खरं सांगू का, एवढ्या लांब केसांवर मी हे कधी करून पाह्यलं नाही."

"हो, हो," इंदूबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

पहिली पंधरा मिनिटं कांताबाईंनीच ब्रश चालवला. एकेक बट वाळत होती, चमकत होती, आणि इंदूबाईंच्या जिवात जीव येत होता. मग पलीकडून दूध उतू गेल्याचा वास आला. कांताबाई ब्रश खाली ठेवून धावल्या.

"मी आल्याबिगर हात नका लावू," जाताजाता त्या म्हणाल्या.

इंदूबाई थांबल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं. घड्याळात पावणेतीन झाले होते आणि अजून अर्धं डोकं ओलं होतं. त्यांनी ब्रश उचलला, उजव्या कानाच्या वरची चांगली मूठभर बट घेतली, वेळ वाचावा म्हणून थेट मुळाशी टेकवली आणि बटण दाबलं.

पुढं जे झालं ते इतक्या झपाट्यानं झालं की नंतर किती आठवलं तरी त्यांना ते क्रमानं आठवेना. ब्रश गरकन फिरला. बट त्याच्यावर चढली, तिच्यामागून शेजारचे केस ओढले गेले, त्यांच्यामागून पाठीवरचे. लांबच्या लांब केस सापासारखे सरसर वर आले आणि ब्रशभोवती गुंडाळले गेले. गोपिकेचं डोकं हिसक्यानं एका बाजूला वाकलं.

"आई! आई, बंद कर!"

इंदूबाई बटण शोधू लागल्या. बटण केसांखाली गेलं होतं. ब्रश आता कानाच्या वर कातडीला घट्ट भिडला होता, फिरायला जागा नव्हती म्हणून घुर्रर्र आवाज करत थरथरत होता, आणि आतून गरम हवा येतच होती. मग वास आला. जळक्या केसांचा तो वास नाकात शिरला आणि इंदूबाईंचे हातपाय गारठले. बोर्ड चार पावलांवर होता आणि त्यांना ती चार पावलं टाकता येईनात. शेवटी गोपिकेनंच दोन्ही हातांनी तार पकडून हिसडा मारला. काड्या तुटल्या, तार बाहेर आली, घुर्रर्र थांबलं.

कांताबाई परत आल्या तेव्हा मुलीच्या डोक्याला ब्रश लटकत होता आणि आई भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"अगं माझ्या माय!" कांताबाई एवढंच म्हणाल्या.

मग अर्धा तास दोघी तो गुंता सोडवत होत्या. खोबरेल तेल ओतलं, कंगव्याची शेपटी घातली, सुई घातली. केस ब्रशच्या दातांत असे रुतले होते की एक ओढावा तर चार तुटावेत. ब्रश जरा हलला की गोपिका दात आवळून घ्यायची. कानाच्या वर कातडी लाल झाली होती.

"हातोडी आणा," इंदूबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "फोडून टाकू हे. कांताबाई, मी भरून देईन."

"भरून काय देता, फोडा! पोरीपेक्षा मशीन मोठी आहे का?"

"कोणी काही फोडू नका," गोपिका म्हणाली. "कांतामावशी, तुमच्या शिलाई मशीनवर मोठी कैची आहे नं, ती द्या."

कैची आली. इंदूबाईंना वाटलं, अडकलेली बट कापेल, वरून दुसरे केस घेऊन झाकता येईल, अंबाडा घालता येईल. त्या मनात हे जुळवतच होत्या, तोवर गोपिकेनं ब्रशजवळची बट कापून ब्रश कांताबाईंच्या हातात दिला. मग उरलेले सगळे केस तिनं मानेमागं एका हातात गोळा केले. केस जाड होते, एका वेळी कापले जाईनात. कर्र, कर्र, कर्र. पाच-सहा वेळा कैची चालली आणि एकोणीस वर्षांचे केस फरशीवर पडले.

इंदूबाई मटकन खाली बसल्या.

"काहून वं?" त्यांनी विचारलं. "एकच बट गेली होती. काहून केलं असं?"

गोपिका मान इकडून तिकडे फिरवून बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती.

"आई, माही मान दुखते. चार वर्षं झाले. डोस्कं दुखते म्हणून तू मले दोनदा डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, आठवते? डोळे चांगले होते. केसांचं वजन होतं ते."

"मंग सांगतलं काहून नाहीस?"

"कसं सांगू? तू साऱ्या महालात सांगत फिरायची. तुही खुशी मोडायची हिंमत नाही झाली."

कांताबाई गुपचूप ब्रश पदराखाली घेऊन निघून गेल्या.

मनोहरराव रविवार असूनही दुकानात गेले होते, माल आला होता. तीन वाजून गेल्यावर ते छत्री झटकत घरात शिरले आणि उंबऱ्यातच थांबले. फरशीवर केस, भिंतीशी बायको, खाटेवर बॉबकट केलेली लेक. इंदूबाईंना वाटलं, आता हे ओरडतील. निदान विचारतील तरी. मनोहररावांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, लेकीजवळ गेले, तिची मान हातानं चाचपली.

"आता हलकं वाटते का गा बापू?" त्यांनी विचारलं. लाडात आले की ते तिला अशीच हाक मारत.

"वाटते, बाबा."

इंदूबाईंनी मान वर केली. सकाळपासूनचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे.

"तुमाले माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून," मनोहरराव खाली बघत म्हणाले. "तिनं मले सांगतलं होतं. तुले सांगायचं माह्या जिवावर आलं."

एका घरात तिघं. त्यातल्या दोघांना माहीत, आणि जिनं रोज ते डोकं मांडीवर घेतलं तिलाच माहीत नाही. इंदूबाई उठल्या. चुलीतल्या राखेसारखा चेहरा घेऊन त्यांनी चप्पल घातली आणि पावसातच मंडळाच्या हॉलवर गेल्या. जिजाबाई हसत पुढं आल्या, "गोपिका कुठं आहे?"

"तिचं नाव काढा," इंदूबाई म्हणाल्या. "केस कापले तिनं."

हॉलमधल्या बायांचं बोलणं एकदम थांबलं. कोणीतरी "अरेरे" म्हणालं, कोणीतरी विचारलं, कुणाची दृष्ट लागली का. काल असतं तर इंदूबाई यावर धाय मोकलून रडल्या असत्या. आज त्यांना नुसतं ऐकू आलं. त्या मागं फिरल्या.

घरी आल्या तर फरशी झाडून पुसून ठेवलेली, कानाच्या वर मलम लावून गोपिका चहा मांडत होती. इंदूबाई तिच्यासमोर पाटावर बसल्या. कप हातात घेतला.

"गोपिका."

"हं?"

"अजून काय काय सांगतलं नाहीस मले?"

गोपिकेनं आईकडे पाहिलं. आई रागात नव्हती. घाबरलेली होती, पण विचारत होती.

"बरंच आहे," ती म्हणाली.

"सांग मंग. मी बसून आहे."

गोपिकेनं गॅस बारीक केला, पाट ओढून घेतला आणि पहिली गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती कॉलेजच्या हॉकी संघात खेळत होती, सहा महिन्यांपासून. इंदूबाईंचा कप तसाच हातात राहिला.

"मंग?" त्या म्हणाल्या.