आखाजीपर्यंत कुलूपबंद

रविवार, चैत्र अमावास्या, दुपारचे पावणेचार. सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या एका चाळीत ममताला कळा सुरू झाल्या. तिच्या पोटावर लाल दोऱ्यात ओवलेलं पितळी कुलूप होतं. ते बंद होतं.

बघता बघता दारात अख्खी चाळ जमली. कोणी पाणी तापवलं नाही, कोणी गाडी बोलावली नाही. सगळे कुलपाकडे बघत होते.

हे कुलूप दुधनीच्या कुलूपमहाराजांचं. धरणाच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी ते गरोदर बायकांना कुलूप बांधत. हवा तो दिवस सांगायचा, बाळ त्याच दिवशी येणार. "डॉक्टरकडे नुसती तारीख असते," महाराज गर्जत, "माझ्याकडे ताबा आहे! बंधन हमारा, चाबी ऊपरवाले की!" असं म्हणून ते बोट वर करत. लोक वर बघत. वर पंखा होता. तेवढ्यात महाराज कुलपावरून उजवा हात फिरवत आणि कुलूप खट् करून उघडे. त्या हातात आवळ्याएवढी अंगठी होती, पण लोक पंख्याकडे बघत असत. मग महाराज कुलूप पुन्हा दाबून बंद करत आणि पोटावर बांधत.

ज्यांचं बाळ ठरल्या दिवसाआधी येई त्यांची श्रद्धा कमी पडलेली असे. ज्यांचं उशिरा येई त्यांचा दोरा सैल असे. महाराज कधीच चुकत नसत.

ममताच्या सासूबाई केसरबाई शिरपूरकडच्या. त्यांनी दिवस मागितला होता आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. तो बुधवारी होता. डॉक्टरांची तारीखही त्याच सुमाराची, त्यामुळे घरात सगळं ठरलं होतं. ममताच्या नवऱ्याने, नीलेशने, कंपनीत बुधवारची रजा टाकली होती, नणंद मंगळवारी माहेरी यायची होती. या योजनेची कल्पना फक्त बाळाला नव्हती.

"आई, दवाखान्यात चला," ममता म्हणाली.

"आखाजी बुधवारले शे. आज रविवार. या कळा खऱ्या नहीत."

"मग मी काय नाटक करतेय?"

"कुलूप बंद शे ना! मंग पोर कोठून येई?"

या प्रश्नाला दारातल्या गर्दीने माना डोलावल्या.

ममताला भीती होती ती वेगळी. पहिल्या वेळी, रोशनीच्या जन्मानंतर, तिचा रक्तस्राव थांबता थांबत नव्हता. सिल्वासाच्या डॉक्टर रसिका यांनी बजावलं होतं, "या वेळी पहिली कळ आली की निघायचं. घरात बसून राहायचं नाही."

शेजारच्या सरिताने दोरा कापायला कात्री आणली. केसरबाईंनी ती हिसकावून कमरेला खोचली. दोरा तोडला तर बाळ मुकं जन्मेल, असं महाराजांनी सांगितलं होतं. खरं तर ममतालाही तो तोडायचा धीर होत नव्हता.

नीलेशला फोन लागला. "आई म्हणते तसं कर. नाही, डॉक्टर म्हणते तसं कर. म्हणजे दोघींनाही... थांब, सुपरवायझर आला."

शेवटी तोडगा निघाला तो केसरबाईंचाच. आधी दुधनीला जाऊन कुलूप उघडून घ्यायचं, मग सिल्वासाचा दवाखाना. दुधनी नेमकी उलट्या दिशेला. ममताने वाद घातला नाही. "आधी मला रिक्षात तर बसू द्या," ती म्हणाली.

रिक्षा चाळीतल्याच नवनाथची. नाक्यावर येऊन त्याने वेग कमी केला.

"मावशी, अजून सांगतो, सिल्वासाला वळवू का? घाटातून जाताना बाळ माझ्या रिक्षातच झालं तर?"

"कसं व्हई? कुलूप शे!"

एवढ्यात मोठी कळ आली. ममता कळवळून मागे वळली, सीटवर गुडघे टेकले आणि सीटच्या पाठीला घट्ट धरून ओणवी झाली.

खट्!

कुलूप उघडलं होतं.

"उघडनं! माय वो, उघडनं!" केसरबाईंनी तिथूनच दुधनीच्या दिशेने हात जोडले. "महाराजांनी ऐकलं! फिराव रे रिक्षा, सिल्वासाले चल!"

रिक्षा वळली. कळ ओसरली तेव्हा ममताला दिसलं, की कुलपाची कडी सीटमागच्या स्पीकरला जाऊन चिकटली आहे. तिने ती सोडवली, कुलूप दाबून बंद केलं, स्पीकरजवळ नेलं. खट्. पुन्हा बंद केलं, पुन्हा नेलं. खट्.

नवनाथ आरशातून बघत होता. "वहिनी, काय चाललंय?"

"नवनाथभाऊ, हा स्पीकर उलटा का बसवलाय?"

"मागून येणाऱ्या पब्लिकलाही गाणं ऐकू जावं म्हणून. तुमच्याकडे त्याची पाठ येते."

त्या पाठीवर वाटीएवढं चुंबक होतं. ममता सासूला काही बोलली नाही. रिक्षा योग्य रस्त्याने चालली होती.

दवाखान्यात नर्सने कोणालाही न विचारता दोरा कापला. दिवेलागणीला मुलगी झाली. मुकं होणार होतं ते बाळ जिन्यापर्यंत ऐकू येईल असं रडलं. पाठोपाठ, पहिल्या वेळेसारखाच, रक्तस्राव सुरू झाला. इंजेक्शन, सलाईन, धावपळ. बऱ्याच वेळाने डॉक्टर रसिका बाहेर आल्या.

"थांबला," त्या केसरबाईंना म्हणाल्या. "दुधनीला गेला असतात तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोलत असते."

केसरबाईंनी कमरेची कात्री काढून बाकावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ममताने स्पीकर काढून वॉर्डात मागवला आणि कुलूप सासूच्या हातात दिलं. खट्. "परत करू?" खट्. नर्सने थांबवेपर्यंत केसरबाई करतच राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "म्हंजे ती अंगठी!"

नीलेशने कुलूप करवतीने कापलं. किल्लीचं भोक नुसतं दिखाऊ. आत कडी अडवणारी लोखंडी खीळ आणि बॉलपेनमध्ये असते तसली नाजूक स्प्रिंग. चुंबक जवळ आलं की पितळेतूनही खीळ ओढली जाते आणि कडी सुटते. बाकी काही नाही.

गुरुवारी दुधनीच्या रांगेत पहिला नंबर केसरबाईंचा होता.

"या माई! आखाजीला बाळ झालं ना?" महाराज हसले.

"अमावास्येला झालं."

"अरेरे, श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा पोतंभर होती. अंगठी काढा."

"ही अंगठी उतरली तर धरण फुटेल!"

काही लोकांनी धरणाकडे बघितलं. ते जागेवर होतं. तोवर नवनाथने रिक्षा शेडला लावली होती. केसरबाईंनी एकेका बाईला आत बसवून मागच्या स्पीकरकडे वळवलं. खट्. खट्. खट्. रांग महाराजांकडून रिक्षाकडे सरकली.

"पाहा, रिक्षात माझी शक्ती उतरली!" महाराज ओरडले.

"मग पंक्चरही तुम्हीच काढा," नवनाथ म्हणाला.

डॉक्टर रसिकांचं सांगणं सोपं आहे. बाळाची वेळ शरीर ठरवतं. ती कुलपाला कळत नाही, पंचांगाला कळत नाही, सासूलाही कळत नाही. ठरलेलं फिसकटलं तर फिसकटू द्या. कळा आल्या की दवाखाना गाठा. आणि चमत्कार दिसला, तर करणाऱ्याला अंगठी काढून तो पुन्हा करायला सांगा.

पोलिसांत तक्रार झाली आहे. महाराज शेडच्या मागच्या बाजूने गेले ते परतलेले नाहीत. अंगठीही नाही. धरण शाबूत आहे.

शनिवारी सकाळी खडोलीच्या स्टँडवर नवनाथ स्पीकर सुलटा बसवत होता. स्पीकरला कोणीतरी कुंकू लावलं होतं. रिक्षासमोर दोन बायका हात जोडून उभ्या होत्या. हे लिहीपर्यंत तिसरी आली आहे. तिच्या हातात नारळ आहे.