एक घर मागे

मी उंट बोलतोय. वाळवंटातला नव्हे, बुद्धिबळाच्या पटावरचा. मला पाय नाहीत, मदार नाही. पोट मात्र आहे, आणि त्या पोटाची हकीकत सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही. तसा सरकण्याबद्दल माझा लौकिक कधीच नव्हता.

माझा जन्म १९७९ सालचा, बेळगावच्या उद्यमबागेतला. त्या दिवशी टिळकवाडीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दोन परदेशी ग्रँडमास्टर प्रदर्शनी डाव खेळणार होते. गोव्याहून येताना लोंढ्याला गाडी बदलायच्या गडबडीत त्यांची सोंगट्यांची पेटी फलाटावर उघडली आणि एक काळा उंट रुळांत नाहीसा झाला. हे उघडकीला आलं सकाळी आठला, आणि डाव होता अकराला. बुद्धिबळ मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत वकील घाम पुसत उभे राहिले. तेव्हा खुर्च्या मांडायला आलेला धर्मराज म्हणाला की मी करून आणतो.

धर्मराज उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करायचा, हे त्याचं काम. तो पॅटर्न रेतीत दाबून साचा उठवतात. बुद्धिबळाचं त्याला वेड. तीन वर्षं दर रविवारी तो मंडळाच्या दाराशी उभा राहून डाव बघायचा. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं, त्यामुळे ऊठ म्हणायची वेळही कोणावर आली नव्हती. एकदा तरी घड्याळ लावून, रीतसर पटासमोर बसून, मंडळाच्या संघातून खेळावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने पेटीतला दुसरा काळा उंट, माझा जुळा भाऊ, नमुन्यादाखल खिशात टाकला, सायकल हाणली आणि सागवानाच्या तुकड्यातून मला कातून काढलं. पण घाईत हात सवयीने चालला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करतात, आणि नंतर घासायचं असतं म्हणून वर आणखी जाडी ठेवतात. मला कोणी ओतणार नव्हतं आणि घासायला वेळ नव्हता. तो सगळा जादा माल माझ्या अंगावरच राहिला. भावाशेजारी उभा राहिलो की मी नुकताच लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा दिसे. शिवाय रंगही ओला होता.

तरी माझा रुबाब काय विचारता! ग्रँडमास्टरच्या हाताखाली पहिलाच डाव, आता निदान एखादा हत्ती तरी मारणार, असं मी मनाशी ठरवूनच बसलो होतो.

उंट तिरका चालतो, आणि जन्मभर एकाच रंगाच्या घरांवरून. माझ्या वाट्याची घरं पांढरी. आमच्या बाजूच्या ग्रँडमास्टरनी आमचीच प्यादी नेमकी पांढऱ्या घरांवर, माझ्या नाकासमोर रोवली. मी एक घर पुढे आलो आणि तिथेच मुक्काम पडला. घोडे नाचले, वजीर एकमेकांना मारून पेटीत गेले, आणि मी उभाच. समोरच्या एका प्याद्याला पाठीशी घालायचं, एवढीच कामगिरी. आमच्या साहेबांनी मला पुन्हा हातही लावला नाही. त्यांची बोटं काळी होऊ नयेत म्हणूनही असेल.

भिंतीवरच्या मोठ्या पटावर चाली दाखवून समजावत होते हरिभाऊ, गणिताचे मास्तर. ते म्हणाले, "हा उंट असून नसल्यासारखा." सभागृह हसलं. मला फार लागलं ते.

चार वाजले तरी डाव संपेना, आणि पाहुण्यांना मिरजेकडे जाणारी गाडी गाठायची होती. चाल काळ्याची होती. डाव मध्येच थांबवताना असते त्या रीतीप्रमाणे साहेबांनी ती चिठ्ठीवर लिहिली, पाकिटात बंद केली आणि दत्तोपंतांकडे दिली. उरलेला डाव ते गाडीत खिशातल्या छोट्या पटावर खेळणार होते. सोंगट्यांची पेटी त्यांनी मंडळाला भेट दिली. मला घेऊन हिंडण्याची हौस त्यांना नसावी.

दत्तोपंतांनी तिथेच जाहीर केलं की हुबळीच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात पाचव्या पटाची जागा रिकामी आहे. पाकिटातली चाल जो ओळखेल, त्याला ती मिळेल. चिठ्ठ्या रविवारपर्यंत द्यायच्या.

रविवारी पंधरा चिठ्ठ्या निघाल्या. बहुतेकांनी हत्ती पुढे काढला होता. हरिभाऊंनी प्यादं सरकवलं होतं. माझं नाव एकाच चिठ्ठीत होतं, धर्मराजच्या. मग पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं: उंट, एक घर मागे.

माझ्या आयुष्यातली एवढी एकच नावाजलेली चाल, आणि तीही माघारीची!

हरिभाऊंना पटेना. ते म्हणाले की उंट यानेच घडवला, म्हणून प्रेमाने त्याचं नाव लिहिलं, आणि ते योगायोगाने बरोबर आलं. शिवाय हा मंडळाचा सभासदही नाही. सगळे दत्तोपंतांकडे बघू लागले. दत्तोपंतांनी धर्मराजला विचारलं, मागे का?

धर्मराज दाराशीच उभा होता. तो तिथूनच म्हणाला,

"साहेब, पॅटर्न रेतीत रुतलेला असतोय. त्यो वडून काढला तर साचाच मोडतोय. आदी हलकं ठोकून सैल करायचा, मग उचलायचा. ह्यो उंट रुतलाय. प्याद्याला राखायला आता राजा जवळ आलाय, म्हंजे उंटाला सुट्टी हाय. त्येला एक घर मागं घेऊन सैल करायचा. मग प्याद्यांच्या म्हागनं फिरून त्यो भायेर निघतोय."

हरिभाऊंनी भिंतीवरच्या पटाकडे पाहिलं. मग स्वतःच उठून त्यांनी तिथला उंट मागे घेतला, प्याद्यांमागून फिरवून बाहेर आणला आणि मान डोलावली. दत्तोपंतांनी पाचव्या पटासमोरची खुर्ची ओढली आणि धर्मराजला म्हणाले, "बसा."

तो लगेच बसला नाही. आधी त्याने रुमालाने हात पुसले. मला त्या क्षणी रडू आलं असतं, पण माझ्यात तशी सोय ठेवलेली नव्हती.

पुढे पाहुण्यांचं कार्ड आलं. डाव बरोबरीत सुटला होता. उंट तसाच मागून फिरून बाहेर पडला आणि त्याने काळ्याचा डाव वाचवला. तो उंट अर्थात मी नव्हे. खिशातल्या पटावरच्या बोटभर उंटाने माझा पराक्रम परस्पर उरकला होता.

सहा महिन्यांनी लोंढ्याच्या हमालाला रुळांजवळ सापडलेला मूळ उंटही परत आला, सडपातळ आणि देखणा. पेटीत जागा एकच. मी धर्मराजच्या घरी, अनगोळला आलो.

आज सहा वर्षं झाली. धर्मराजची बायको शेवंताबाई हिने मला पहिल्याच आठवड्यात कामाला लावलं. वाऱ्याने खिडकीचं दार आपटायचं, तिथे तिने मला अडसर म्हणून उभं केलं. पोट नेमकं फटीत बसतं. पुन्हा एकाच जागी मुक्काम!

धर्मराज आता संघाच्या दुसऱ्या पटावर खेळतो. काल धारवाडच्या स्पर्धेला निघताना सोबत म्हणून त्याने मला उचलून खिशात घातलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा मी कुठेतरी निघालो होतो. तेवढ्यात खिडकी धाडकन आपटली, ताकातली रवी खाली आली आणि दिव्याची काच फुटता फुटता वाचली.

शेवंताबाई आतूनच म्हणाली, "अवं, ठेवा की त्येला तितंच. त्यो हाय म्हून सगळं जाग्यावर ऱ्हातंय."

ती बुद्धिबळ खेळत नाही. पण माझ्याबद्दल इतकं बरोबर आजवर कोणी बोललं नव्हतं, हरिभाऊ मास्तरसुद्धा नाहीत. धर्मराज हसला. त्याने मला पुन्हा फटीत ठेवलं, आणि मी घट्ट बसावं म्हणून बोटाने किंचित मागे सारलं.