अकरा किलोचा आटोपशीर डबा

माझा दीर डबा करून घ्यायला आला तेव्हा त्याच्या हातात नकाशांचे चौदा कागद होते, आणि कानस कशी धरतात हे त्याला माहीत नव्हतं.

आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. फाटकं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या, कधी एखाद्या कारखान्याची टाकी. वेल्डिंग मी करते. कापणं, घासणं आणि बसवायला जाणं नवऱ्याकडे. लग्न करून आले तेव्हा मी पावत्या फाडायची, पण माझा हात स्थिर निघाला आणि त्याची पाठ दणकट, म्हणून वर्षभरात कामं अशी वाटली गेली. दीर या धंद्यात कधी शिरलाच नाही. तो एका मोठ्या कंपनीत बसून दुसऱ्यांच्या कामात काय चुकलं याचे अहवाल लिहितो. सासूबाईंच्या मते घरातली सगळी बुद्धी त्याच्या वाट्याला आली आणि बाकीच्यांना हातपाय मिळाले.

"वहिनी, एक छोटंसं काम आहे," म्हणत त्याने माझ्या वेल्डिंगच्या टेबलावर कागद पसरले.

काम होतं संगणकाच्या डब्याचं. संगणक चालताना आतून तापतो. साधी माणसं त्यावर पंखा लावतात. याला त्यातून पाणी फिरवायचं होतं. एक चिमुकला पंप, दोन नळ्या आणि गाडीत असतो तसा, पण पंजाएवढा रेडिएटर. हे सगळं बावीस सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात कोंबायचं, आणि तो डबा तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा, वेल्डिंग केलेला हवा. मी म्हटलं, "भाऊजी, दुकानात तयार डबे मिळतात की."

"ते सगळ्यांकडे असतात."

"मग त्यांचे संगणक चालत नाहीत का?"

त्यावर तो हसला. लहान मुलाने चंद्र मागितला की मोठी माणसं हसतात, तसा. मग त्याने सांगितलं की असे डबे बनवणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्यांचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं, आणि इतका आटोपशीर पोलादी डबा तिथे आजवर कोणी आणलेला नाही. का आणलेला नाही, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

कागदावर एक माप दोनशे अठरा पूर्णांक शून्य पाच मिलिमीटर होतं. माझी पट्टी मी त्याच्यापुढे ठेवली आणि यातलं शून्य पाच कुठे आहे ते दाखवा म्हटलं. त्या दिवसापासून दुकानात त्याचं नाव दशांश पडलं. हे नाव नवऱ्याने ठेवलं. सख्ख्या भावाने ठेवलेलं नाव असल्यामुळे मी ते मोकळेपणाने वापरलं.

पहिला डबा मी कागदाबरहुकूम केला. दशांश माझ्यामागे उभा राहून सांगत होता, "वेल्डिंगची रेष सलग दिसली पाहिजे. मध्ये थांबू नका." मी दोनदा सांगितलं की एका दमात रेष ओढली की पत्रा तापून ओढला जातो, डबा पिळतो. त्याने सांगितलं की त्याच्या प्रोग्रॅममध्ये तो पिळलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी कधी लाथ मारत नाही. मी एका दमात रेष ओढली. थंड झाल्यावर डबा टेबलावर ठेवला तर तो तीन कोपऱ्यांवर उभा राहिला आणि चौथ्याने हवेत डुलू लागला.

दशांशने डब्याकडे पाहिलं, मग वाकून टेबलाकडे. "टेबल लेव्हलमध्ये आहे का?" त्याने विचारलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत शिकले होते. अंगणाला लेव्हल लावणारा माणूस मात्र पहिल्यांदा पाहिला. त्याने खरोखर नवऱ्याची लेव्हल मागून घेतली आणि टेबलाच्या चारही बाजूंना लावली. टेबल सरळ होतं.

मग त्याने रेडिएटर आत घालायचा प्रयत्न केला. तो शिरेना. सगळ्या भागांच्या मापांची मी बेरीज केली. ती बरोबर दोनशे वीस आली. डब्याचं बाहेरचं मापही दोनशे वीस.

"मग पत्रा कुठे ठेवायचा?" मी विचारलं. "तीन मिलिमीटर इकडचा, तीन तिकडचा."

त्याने चौदाही कागद उलटसुलट करून पाहिले. "मॉडेलमध्ये भिंतींना जाडी दिलेली नव्हती," तो शेवटी म्हणाला.

चूक माझीही होती. चौदा कागद बघून मला वाटलं, माणसाने एवढं लिहिलंय म्हणजे विचार केला असणार.

दुसऱ्या डब्याला मी त्याला दुकानात उभं राहू दिलं नाही. बाहेरचं माप सहा मिलिमीटरने वाढवलं. आत जाड पट्ट्या शिकंज्याने आवळल्या, बोटभर वेल्ड इकडे, मग समोरच्या कोपऱ्यात बोटभर, मग हात लावण्याइतका थंड होईपर्यंत थांबायचं. एका फाटकाचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, त्याला मी खोटं सांगितलं की गॅस संपलाय. खरं म्हणजे मला तो डबा सोडवत नव्हता. फाटक दोन मिलिमीटर चुकलं तरी कोणाला कळत नाही. बिजागरी सांभाळून घेते. इथे सांभाळून घेणारं कोणी नव्हतं.

सगळ्यात अवघड होता आतला पडदा. पाण्याची बाजू आणि विजेची बाजू वेगळी ठेवायला मधोमध एक पत्रा उभा करायचा होता, आणि तो मागच्या भिंतीला जिथे मिळत होता तिथे फटीतून जेमतेम एक हात शिरत होता, तोही डावा. मी डावखुरी. पण डावा हात आत घातला की डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग नवऱ्याचा दाढीचा छोटा आरसा तारेने बांधून आत टांगला आणि आरशात बघून वेल्डिंग केलं. आरशात हात पुढे नेला की मागे येतोय असं वाटतं. दोनदा बिघडलं, दोनदा घासून काढलं. तिसऱ्यांदा रेष अशी आली की मी तोंडावरची काच वर करून नुसतीच बघत बसले. नवऱ्याला बोलावून दाखवली. "आत कोण बघणार आहे हे?" तो म्हणाला. ते खरंच होतं, आणि मला ते जरा लागलं.

डबा तयार झाल्यावर दशांशला वाटलं की आपणही वेल्डिंगचा एखादा टाका मारावा, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवा. मी टाकाऊ तुकडा दिला, हातमोजे दिले, तोंडावर काच दिली. नवरा मोबाइल घेऊन उभा राहिला. ठिणगी पडली, आणि फोटो नीट येतोय ना हे बघायला दशांशने काच वर केली. टाका तसाच चालू ठेवून. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे टोमॅटोसारखे लाल, वाळू गेल्यासारखे खुपत होते. सासूबाई त्याच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवत मला म्हणाल्या, "त्याला अशी कामं का देतेस? त्याचे डोळे वाचायला आहेत."

फोटो मात्र छान आला होता. मंडळात त्याखाली लिहिलं होतं: ठिणग्यांच्या सहवासात माझा रविवार.

रंग देऊ का, असं मी विचारलं तेव्हा त्याने नको म्हटलं. त्याला कच्चं पोलाद हवं होतं. चौथ्या दिवशी डब्यावर जिथे जिथे बोटं लागली होती तिथे तिथे गंजाचे ठसे उमटले. मंडळात त्याने लिहिलं की हा जिवंत पृष्ठभाग आहे. मी दुकानात गंज घासून काढला आणि तेलाचा हात फिरवला. जिवंत पृष्ठभाग तासाभरात मेला.

सगळं सामान आत बसवून, पाणी भरून वजन केलं तर अकरा किलो. नाकापेक्षा मोती जड झाला होता. प्रदर्शनाच्या दिवशी तो आटोपशीर डबा गाडीतून हॉलपर्यंत न हिंदकळता न्यायला दोघं लागत होती, आणि नवरा जिना बसवायला गेला होता, म्हणून मी गेले. हॉलमध्ये पंचवीस-तीस टेबलं होती. आमच्या टेबलावर डब्याआधीच एक छापील कार्ड येऊन बसलं होतं. त्यावर दशांशचं नाव आणि खाली: संकल्पना, रचना व संपूर्ण निर्मिती, स्वतः.

मी ते दोनदा वाचलं. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ठाऊक होतं. नागोबा बिळावर नावाची पाटीही लावतो हे नव्हतं.

"भाऊजी, संपूर्ण?" मी विचारलं.

"वहिनी, फॉर्ममध्ये एवढीच जागा होती," तो म्हणाला आणि डबा फडक्याने पुसू लागला.

मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. भांडण करावं असं वाटत होतं, पण परक्या लोकांत घरचं धुणं कुठे धुवायचं. आणि माझ्याच मनात एक गोष्ट येत होती जिची मला लाज वाटली: मला त्या कार्डावर जागा हवी होती. इतक्या वर्षांत कुठल्या फाटकावर मी नाव मागितलं नव्हतं.

परीक्षक एक वयस्क बाई होत्या. आयुष्यभर साचे बनवण्याच्या कारखान्यात काम केलेल्या, आता निवृत्त. त्यांनी इतर टेबलांवरचे दिवे, काचा, रंगीत पाणी असं पाहिलं न पाहिलं केलं होतं. आमच्या डब्याचं झाकण त्यांनी काढायला लावलं, बॅटरी आत मारली आणि कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. दशांश रेडिएटरबद्दल बोलत होता. त्या ऐकत नव्हत्या.

"हे आतल्या पडद्याचं वेल्डिंग कोणी केलं?"

"मी," दशांश म्हणाला.

"कुठल्या हाताने?"

तो गोंधळला. "म्हणजे... उजव्या."

"घालून दाखवा बरं."

त्याने उजवा हात आत घातला. मनगटापर्यंत गेला, पुढे वळेना. त्याने वाकून खांदा फिरवला, मग दुसऱ्या बाजूने गेला. तेवढ्यात घड्याळाचा पट्टा नळीच्या कडीत अडकला आणि हात ना आत जाईना ना बाहेर येईना. शेजारच्या टेबलांवरची माणसं जवळ आली. मी उठून पट्टा सोडवला, कारण नळी निसटली असती तर सगळं पाणी विजेच्या बाजूला गेलं असतं.

"म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग आमच्या वर्कशॉपमध्ये झालं," मनगट चोळत तो म्हणाला.

"वर्कशॉपला हात असतात का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

त्याने फडक्याची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनींनी मदत केली."

मी डावा हात आत घातला आणि बोट थेट त्या रेषेवर टेकवलं. बाईंनी आधी हाताकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"आरसा?"

"हो."

"कितव्यांदा आलं?"

"तिसऱ्यांदा."

"मला चौथ्यांदा आलं असतं," त्या म्हणाल्या. एवढंच. मी उगाच झाकणाचे स्क्रू मोजत बसले.

"यात काय बदलाल?" त्यांनी विचारलं.

"वजन कमी करेन. आणि रंग देईन."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते नात्यातलं आहे. बदलून मिळत नाही."

लोक हसले. दशांशही हसला, पण उशिरा. कारागिरीचं बक्षीस आम्हालाच मिळालं. बाईंनी आयोजकाला कार्ड दुरुस्त करायला लावलं. त्याने 'संपूर्ण' खोडलं आणि दशांशला विचारलं की वेल्डिंगपुढे काय लिहू. दशांश इतका गडबडला होता की म्हणाला, "वहिनी." आयोजकाने तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस अनोळखी माणसं मला येऊन वहिनी म्हणून गेली.

घरी सासूबाईंना सगळं आधीच कळलं होतं. "चारचौघांत त्याला तोंडघशी पाडलंस," त्या म्हणाल्या.

"मी फक्त हात घातला, आई."

"नसता घातलास तर काय बिघडलं असतं?"

नवरा कोपऱ्यात केबल गुंडाळत होता. तो सहसा भावाच्या बाबतीत 'जाऊ दे' म्हणतो. त्या दिवशी केबल गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "आई, मी होतो ना रोज तिथे. डबा हिचा आहे." सासूबाईंनी ताट वाढलं, जरा आपटूनच, पण आधी माझं वाढलं.

दशांश तीन आठवडे आमच्याकडे फिरकला नाही. डबा त्याच्या घरी टेबलावर आहे, आणि त्यावर तो दुसऱ्यांच्या चुकांचे अहवाल लिहितो. त्याने मला कौतुकाने फोनवर सांगितलं होतं की अहवाल लिहिताना पाणी अठ्ठावीस अंशांच्या वर जातच नाही. अहवाल लिहिताना कुठलंच पाणी तापत नाही.

चौथ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, तो नवे कागद घेऊन दुकानात आला. या वेळी सहाच कागद. प्रत्येक भिंतीला दोन रेषा होत्या, मध्ये तीन लिहिलेलं. खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, माझं पूर्ण नाव होतं. लग्नाआधीचं आडनावसुद्धा, ते त्याने कुठून शोधलं कोण जाणे.

"आधीपेक्षा निम्मा आहे," तो म्हणाला. "कराल का?"

मी भंगारातून पत्र्याचा एक तुकडा काढला, शिकंज्यात आवळला आणि त्याच्या हातात कानस दिली. "ही कड सरळ करा. काटकोनात आली की बोलू."

"किती वेळ लागेल?"

"मला दोन दिवस लागले होते. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते."

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. कानस उलटी धरली होती, ती नवऱ्याने सरळ करून दिली. याला पाच रविवार झाले. तुकडा आता मूळच्या निम्मा उरला आहे आणि कड अजून वाकडी आहे. पण गेल्या रविवारी त्याने टेबलाला लेव्हल लावली नाही. तुकडा उजेडात धरला, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, "वहिनी, माझा उजवा हात जास्त दाबतोय."

"हो," मी म्हटलं, आणि फाटकाच्या कामाला लागले.